उजव्या पाकळीचा कौल

विनोदिनीचं डोकं दुखायला लागलं की गोव्यातल्या लाटंबार्शे गावच्या त्या घरात सगळ्यांनाच वैद्यकी सुचायची. नवरा सुदेश म्हणायचा, चष्मा बदल. सासू भागीरथी म्हणायची, न्हाऊन ओल्या केसांनी निजते, मग दुसरं काय होणार! अर्धशिशीने ती बादलीत ओकत असली तरी ही प्रवचनं वर्षानुवर्षं चालूच होती.

शेवटी पणजीच्या एका डॉक्टरांनी वेगळंच सुचवलं. मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या नसेजवळ बारीक तार घालायची आणि हलकी वीज सोडून दुखणं दाबायचं. आधी काही दिवस चाचणी, तेव्हा यंत्र कमरेला बांधलेलं. गुण आला तर तसंच यंत्र कायमचं कातडीखाली.

आणि चाचणीतच गुण आला! विनोदिनी भर उन्हात काजूच्या बागेत फिरून आली, तरी डोकं शांत. आनंदाने तिला रडू फुटलं.

श्रेय घ्यायला मात्र घरात रांग लागली. सासूने दृष्ट काढली होती, सुदेशने नवा बाम आणला होता.

"गूण आयलो न्हय? मगे तें मशीन कित्याक?" भागीरथी स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवत म्हणाली. "तकलेंत वीज घालून घेवपाची? देवाक विचारूया."

विनोदिनी लगेच कबूल झाली. तिचा देवावर विश्वास होता, घरच्यांवर नव्हता.

देवळात भटजींनी ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. यंत्र बसवायचं असेल तर उजवी पाड, नसेल तर डावी. उजवी पडली.

"पंख्याचो वारो लागलो," सासू म्हणाली. पंखा बंद केला. पुन्हा उजवीच.

"प्रश्न सारको विचारूंक ना," सुदेशने खुसपट काढलं. भटजींनी प्रश्न फिरवून विचारला, तर पाकळी हलेचना. देवही कंटाळला असावा. चौथ्या खेपेला एकदाची डावी पडली आणि मायलेकांनी लोटांगण घातलं.

"जालें! देवान ना म्हटलें. फाल्यां तार काडून यो." सासूने उद्याचाच दिवस ठरवून टाकला.

विनोदिनीचा संताप मस्तकात गेला, पण आवाज चढला नाही.

"आई, देवान दोनदा हय म्हटलें. ताचेंय तुमी आयकूंक ना. मी तर सून."

ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि डॉक्टरांना फोन लावून ऑपरेशनची तारीख ठरवूनच उठली. आत सासू भटजींना आणखी पाकळ्या लावायला सांगत होती.