निरोगी माणसाचा नमुना

"काच खोटी नाही सर, खोटे तुम्ही आहा!"

साधनाने पिशवी टेबलावर आपटली. विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला, परत चढवला. दाराशी तिचा नवरा सुजय अवघडून उभा. या प्रयोगशाळेतल्या सगळ्या काचा त्याच्या हातच्या. काल त्यालाच घरी बसवलं होतं.

"वहिनी, निरोगी माणसाच्या नमुन्यावरही त्याच्या काचा उजळतात. अशी तपासणी कोण विकत घेईल?"

"शिळी बाटली उचलता अन् काचेले नावं ठेवता. ताजा आणला आज, ह्याचाही अन् माहाही. लावा माह्यासमोर."

"माह्या लघवीवर एवढं भाषण आजवर कोणी नाही केलं," सुजय पुटपुटला. पण हातमोजे चढवलेच.

काचेवर लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर, त्यावर साबणासारख्या द्रव्याचा पापुद्रा. पापुद्रा शाबूत तोवर आतले रेणू ताठ उभे, आणि सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर काळोख. यकृत बिघडलं की पित्तातली आम्लं लघवीत उतरतात, पापुद्रा उधळतात; रेणू आडवे पडतात, काच झगमगते. एवढं तर सुजयने जेवता जेवता तिला शंभरदा ऐकवलेलं. पडताळणीला निरोगी नमुना मात्र कायम त्याचाच, हा इथला रिवाज. दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही, सिविक सेंटरच्या गाड्यांवरची चाटसुद्धा नाही. अख्ख्या भिलाईत त्याच्याहून निरोगी कोण?

आधी साधनाचा थेंब. पडदा काळाच राहिला.

मग सुजयचा. कडेने एक ठिणगी उठली आणि बघता बघता सगळा पडदा पिवळा-निळा पेटला.

"पाहा!" साधना ओरडली. "काच बरोबर हाय! एकाच हातच्या काचा. माह्यावर काळी, अन् ह्याच्यावर..."

तिची नजर त्याच्या हातावर गेली.

सुजयची बाही वर सरकली होती. कोपरापर्यंत नखांचे ओरखडे. खाज घामोळ्याची समजून तिनेच पावडर आणून दिली होती; ती यकृताची निघाली.

"साधना, घरी चाल," तो म्हणाला. पडद्यावरची नजर काही त्याने काढली नाही.

तिने सरांकडे पाहिलं. माणूस दचकायला हवा होता. सर खिडकीबाहेर बघत होते.

"तुम्हाले माहीत होतं," ती म्हणाली. "आणखी कोणाचा नमुना लावून पाहिला?"

"माझाच," सर म्हणाले. "काच काळी राहिली."

"कधी?"

"दिवाळीच्या सुमारास. वर्षभराचे निकाल त्याच्याच नमुन्याशी ताडलेले, वहिनी. सगळे बाद झाले असते. म्हणून म्हटलं, या नव्या काचांतच खोट आहे..."

बाहेर मे तापला होता. साधनाने खुर्ची ओढली आणि दार अडवून बसली.

"निकाल गेले चुलीत. ह्या माणसाले सांगितलं कावून नाही? बोला."