एकोणिसावी टोपी

मित्रांनो, मला सगळे सुई म्हणतात, पण मला ना टोक आहे ना नेढे. आहे तो फक्त एक आकडा, वाकवलेल्या करंगळीसारखा. मी एक जुनी, लाकडी क्रोशाची सुई आहे. माझ्या हातून एक चूक झाली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. खुर्चीचे पाय करताना उरलेल्या लाकडातून त्याने मला तासले आणि आपल्या सुनेला दिले. सून बालवर्गाची शिक्षिका. वर्गात एकोणीस मुले. थंडी तोंडावर आली होती आणि "यंदा एकाचेही कान उघडे राहणार नाहीत," असे ती मुलांना सांगून बसली होती. टोपी अगदी साधी. साखळीचे छोटे कडे, त्याभोवती खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, गोल गोल ओळी, खाली कानांवर येणाऱ्या दोन पट्ट्या. झाली टोपी!

पण वेळ मिळे तो रविवारीच. रविवारी सगळे घर फिरायला निघे. कधी तळ्याकाठी, कधी टेकडीवर. लोकरीच्या पिशवीतून मीही जाई.

मला तासताना माझ्या गळ्याशी एक बारीक कुसळ राहून गेले होते. लोकर त्यात अडके. म्हणून बाईंना प्रत्येक टाका खाली बघूनच घालावा लागे. सुताराने एकदा विचारलेही, "सूनबाई, सुई अडत नाही ना?"

"छे हो बाबा, मस्त चालते," म्हाताऱ्याचे मन राखायला बाई म्हणाल्या.

मला बोलता येत नव्हते, हे खरे. पण खरे सांगू? ते कुसळ निघावे असे मला वाटतच नव्हते. त्यांची नजर सतत माझ्यावर असे आणि मला तिची चटक लागली होती.

बाईंची मुलगी सहा वर्षांची. तिला घरात चिमी म्हणत. "आई, बघ ना, मी एका पायावर!" ती ओरडे.

"हो गं, बघितलं," बाई म्हणत आणि माझ्याकडे बघत.

एका रविवारी तळ्याकाठी चिमी आईच्या मागे येऊन म्हणाली, "आई, मी आता पाण्यात पडते हं."

"हं, पड. स्वेटर भिजवू नकोस."

चिमीचे बाबा खो खो हसले. सुतारही हसला. चिमी मात्र हसली नाही.

जेवायला बसताना बाईंना तिचा गुडघा दिसला. रक्त वाळून काळे पडले होते. "अगं बाई! हे कधी लागलं?"

"मघाशी. तुला सांगितलं होतं मी."

"मग? मी काय म्हणाले?"

"छान म्हणालीस."

बाईंनी तिचा गुडघा धुतला. त्यांनी मला लोकरीत गुंडाळले आणि घरी येताच कपाटात ठेवून दिले. अठरा टोप्या झाल्या होत्या. एकोणिसावी अर्धी होती.

त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. अठरा डोकी झाकली गेली. वर्गातली सर्वांत लहान मुलगी, पिटुकली, तेवढी राहिली. बाई तिला रोज म्हणत, "तुझी येतेय हं." ती दोन्ही हात कानांवर धरून बसे. मग चित्र कशाने काढणार? असे आठ दिवस गेले. घरी बाईंना टोपीचे नाव काढवेना, शाळेत पिटुकलीकडे बघवेना.

नवव्या दिवशी, शनिवारी, चिमीला सुट्टी होती म्हणून ती आईबरोबर शाळेत गेली. घरी येताना तिने विचारले, "आई, तिची टोपी कुठंय?"

"राहिली गं."

"माझ्यामुळे?"

"नाही बाळा. माझ्यामुळे."

घरी येऊन बाईंनी मला बाहेर काढले आणि सासऱ्यांना सगळे सांगितले. कपाटाच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडून मी ते ऐकत होते आणि माझी मान खाली गेली होती. सुताराने माझ्या गळ्यावरून नख फिरवले. "अगं, कुसळ आहे की! सांगायचं नाही का? मी काय रागावणार होतो?" त्याने काचकागद घेतला आणि चार वेळा घासून मला गुळगुळीत केले. एवढेसे काम होते!

दुसऱ्या दिवशी टेकडीवर बाईंची बोटे आपोआप चालत होती. डोळे चिमीवर होते.

"आई, बघतेस ना?"

"बघतेय."

"मग सांग, मी आत्ता काय केलं?"

"जीभ काढून दाखवलीस, गधडे!"

चिमी पोट धरून हसली. त्या दिवसापासून माझ्याकडे फारसे कुणी बघत नाही, आणि तेच बरे आहे.

सोमवारी पिटुकलीला टोपी मिळाली. तिने ती कानांखाली ओढली आणि लगेच दोन्ही हातांनी खडू उचलले. मला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

मित्रांनो, हातातले हत्यार अडत असेल तर वेळीच सांगा, कुणाचे मन राखायला लपवू नका. आणि कुणी "बघ ना" म्हणाले, तर मान वर करून खरेच बघा. पिटुकली आता मोठी झाली आहे, तिला ते दिवस आठवतही नसतील. पण थंडी पडली की मला तिचे लाल झालेले कान दिसतात. त्यांच्यापर्यंत ऊब दहा दिवस उशिरा पोहोचली, आणि ती मी अडवली होती.