चकाचक आणि रानटी सेज

प्रयोगशाळेत तिला सगळे चकाचक म्हणत, आणि ते काही उगाच नाही. काचेची नळी एकदा धुऊन ही बाई थांबेल तर शपथ! तर ह्या चकाचकनं रानटी सेजचा ध्यास घेतला होता. माळावरचं खरबरीत झुडूप, पान चुरगाळलं की नाकात झणका. घसा धरला की तिची आई ह्याच पानांच्या काढ्यानं गुळण्या करायला लावायची. त्यात जंतू मारणारं काहीतरी आहे, हे तिला सिद्ध करून दाखवायचं होतं.

पण हिनं अर्क काढावा आणि जंतूंनी त्यात मजेत वाढावं, असंच चाललेलं. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, तिला बोलावून घेतलं. "आजीबाईच्या बटव्यावर फार वेळ घालवलात. ह्या आठवड्यात काही दिसलं नाही, तर काम बंद." चकाचकचा जीव तीळतीळ तुटला.

उरलेली पानं घेऊन ती नेहमीसारखी बसली. एकेक पान स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, मगच वाटायचं. धुळीतले जंतू अर्कात नकोत, हा तिचाच हट्ट. पुसता पुसता बोटं एकमेकांना चिकटली. वास घेतला तर हातांना घमघमाट, आणि पुसलेल्या पानाला काहीच नाही.

अगं बाई! सेजचं तेल नि राळ पानावरच्या बारीक लवेत असतात आणि स्पिरिटमध्ये विरघळतात, हे तिला तोंडपाठ होतं. तरी इतके दिवस औषध बोळ्याबरोबर कचऱ्यात जात होतं, आणि ही चोथ्याचा अर्क काढत बसली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला. तिनं बोळे पिळले, तो रस कागदाच्या टिकलीवर सुकवला आणि टिकली जंतू वाढवायच्या बशीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बशी उजेडात धरली. टिकलीभोवती लख्ख गोल, एक जंतू नाही.

"स्पिरिटनं मेले असतील," त्या म्हणाल्या.

"शेजारची टिकली नुसत्या स्पिरिटची आहे. तीही सुकवलेली."

त्या टिकलीभोवती जंतूंची नुसती दाटी होती. बाईंनी चष्मा काढून पुन्हा निरखून पाहिलं. चकाचकला हसूही येईना आणि रडूही आवरेना.

"काम चालू ठेवा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना बोलवा, बघू देत. आणि पुढच्या पानांना तुम्ही बोळा लावायचा नाही. ती मी स्वतः आणून देईन, धुळीसकट."