खलाच्या जागी पट्टी

काँक्रीटमध्ये साधा खिळा शिरत नाही. वाकतो.

वेलची घालून कुटलेली कॉफी.

दार, खालून बोटभर कापलेलं.

गुंडाळलेल्या गालिच्यात डांबरगोळ्या.

काळं पडलेलं एक नख.

नख बाबांचं, पायाच्या अंगठ्याचं. तिथूनच सांगते. बैठकीच्या दारात गालिच्याचं टोक वर वळतं. आई होती तोवर त्या टोकावर तिचा पितळी खल असायचा. कॉफी कुटायला उचलायची, कुटून झालं की परत टोकावर. तिच्यामागे बाबांची नजर गेल्यावर तो त्यांच्या पायांत यायला लागला, म्हणून मी फडताळात ठेवला. टोक पुन्हा वळलं. परवा त्यात अडकून बाबा पडले. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. मला कळायला संध्याकाळ झाली.

शुक्रवारी अम्मानहून माझा भाऊ सुहैल आला. ड्रिल, पितळी पट्टी, गोंदाचा डबा.

"आज हे दार नीट झालं नाही, तर बाबा माझ्याकडे राहणार," तो म्हणाला.

"चौथ्या मजल्यावर? मी काय कबुतर आहे?" बाबा म्हणाले.

"लिफ्ट आहे, बाबा."

"आहे ना. चालू असलेली कधी पाहिलीस?"

सुहैलने डब्याचं झाकण उघडलं. वास येताच बाबा म्हणाले, "गोंद नको."

"का?"

"मग एप्रिलमध्ये उचलायचा कसा?"

सुहैल माझ्याकडे बघायला लागला. आई गेल्यापासून कुणी गालिचे उचलले नव्हते. पूर्वी ऊन तापलं की ती सगळे गच्चीवर न्यायची, पाइप सोडायची, आम्ही फेसात घसरायचो. वाळले की डांबरगोळ्या घालून थंडीपर्यंत गुंडाळून ठेवायची. खाली घर उघडं, गार, घुमणारं. दार कापलं होतं ते गालिच्याच्या जाडीसाठी. उन्हाळाभर तिथं फट राहायची. आम्ही दोघं काँक्रीटवर गाल टेकून आईबाबांचं बोलणं ऐकायचो.

"तुझं नाक सूं सूं वाजायचं," मी सुहैलला म्हणाले.

"आणि तू खिदळायचीस."

"दोघंही ऐकू यायचात," बाबा म्हणाले. "तुमची आई मुद्दाम तुमचं कौतुक करायची तेव्हा. तोंडावर कधी केलं नाही तिनं."

सुहैल ड्रिल मांडीवर घेऊन उकिडवा बसून राहिला. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं.

भोकं पाडली. पांढरी भुकटी उडाली. स्क्रू धरायला भोकांत प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, गालिच्याचं टोक पट्टीखाली घेतलं, स्क्रू आवळले. दार लावून पाहिलं, घासलं नाही.

"एप्रिलमध्ये येतो," तो म्हणाला. "स्क्रू काढायला."

"ये. गच्चीपर्यंत वाहायलाही कुणीतरी लागेलच."

बाबा अनवाणी आले. गार पितळेवर पाऊल थांबलं.

"इथं दार," ते म्हणाले, आणि पलीकडे गेले. परत आले. पुन्हा गेले. मग तिकडूनच म्हणाले, "खल काढ फडताळातून. नाहीतर हा कॉफी न पिताच जाईल."

आई वारली ती एप्रिलमध्ये, गालिचे उचलायच्या आदल्या आठवड्यात.