फळ्यावरचं नाव

नाहिओमी पोर्तो रिकोहून मिनेसोटाला आली ती उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांसाठी. नवे धातू नि स्फटिक घडवणाऱ्या प्रयोगशाळेत कॉलेजच्या पोरांना खरं संशोधन करायला मिळतं, म्हणून. शिकवायला गॅरेट होता, पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला टेकलेला, अगदी सालस माणूस.

भट्टीत गॅरेटचा स्फटिक वाढत होता. तासाला दोन अंश, अशा गोगलगाईच्या चालीनं भट्टी नऊ दिवस निवायची. सहाव्या दिवशी गॅरेट जेवायला गेला आणि आपल्या आईला आतली लाल झळाळी दाखवावी म्हणून नाहिओमी बाईसाहेबांनी दार उघडून फोटो काढला. घाईत दार लावलं, पण खटका नीट बसलाच नाही.

दुसऱ्या सकाळी बघतात तो गार हवा लागून स्फटिकाचे तुकडे तुकडे! गॅरेट डोकं धरून बसला.

"जेवायला जाताना दार मीच तपासलं होतं. नीट ढकललं नसणार."

नाहिओमी त्याच्यासोबत तुकडे वेचू लागली.

तिथली रीत साधी. ज्यानं जे मोडलं त्यानं फळ्यावर आपलं नाव लिहायचं, सगळ्यांना डोनट आणायचे, विषय संपला. प्रोफेसरबाईंचं नाव तर दोनदा होतं. गॅरेटनं लिहिलं, 'भट्टी – गॅरेट'. डोनटही आणले. नाहिओमी मेलीनं त्यातला एक खाल्लासुद्धा. त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

आई फोनवर विचारायची, "त्या गॅरेटला आपल्याकडची कॉफी दिलीस का गं, बयो?"

"देते गं."

कुठल्या तोंडानं देणार? पाकीट बॅगेतच पडून होतं.

शेवटच्या दिवशी तिनं आपल्या संशोधनाचं पोस्टर सगळ्यांना समजावून सांगितलं. गॅरेट कौतुकानं म्हणाला, "भट्टीपाशी ही माझ्यापेक्षा शहाणी निघाली हो!"

सगळे हसले. नाहिओमीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती फळ्यापाशी गेली, गॅरेटचं नाव तळहातानं पुसलं आणि आपलं लिहिलं.

"दार मी उघडलं होतं. फोटोसाठी."

आता कुणी हसलं नाही.

"सहा आठवडे," गॅरेट हळूच म्हणाला, "घरी पोचलो की परत येतोय मी, ते दार बघायला. रोज. बायको म्हणते, डॉक्टरला दाखव."

कॉफीचं पाकीट तिनं आज आठवणीनं आणलं होतं. ते तिनं बाहेर काढलंच नाही.