मोहरीच्या उशीतला अडकित्ता

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी अडकित्ता आहे. सुपारी कातरणं हे माझं काम. पण माझ्यामुळं एकदा एका तान्ह्या बाळाचं विमान चुकायची वेळ आली होती, आणि त्या विमानावर त्या बाळाचा ओठ अवलंबून होता. ती हकिकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कन्नडचा. पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेली होती, रझाकारांची धास्ती ओसरली होती आणि कन्नडचा आठवडी बाजार पुन्हा मोकळेपणानं भरू लागला होता. बाजाराच्या कडेला सांडू लोहाराची भट्टी होती. बैलगाडीच्या चाकाची झिजलेली लोखंडी धाव त्यानं लालभडक तापवली, ठोकली आणि तिच्यातून मला घडवलं. साळूबाई नावाची मुलगी लग्न होऊन करमाडला निघाली होती. तिच्या वडिलांनी मला विकत घेतलं आणि तिच्या पेटीत ठेवलं. असा मी करमाडला आलो.

तिथं माझे दिवस चांगले गेले. ओट्यावर माणसं बसली की पानाचं तबक यायचं आणि मला हाक पडायची. साळूबाईच्या घरची सुपारी पातळ कातरलेली असते, असं लोक म्हणत. ते ऐकून मला बरं वाटे.

मला आणखी एक काम होतं. घरात बाळ जन्मलं की मला त्याच्या उशाखाली ठेवत. बाळाजवळ लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही, अशी समजूत. साळूबाईची मुलं माझ्यावर डोकं ठेवून झोपली. पुढं तिची सून वच्छलाबाई आली, तिचा बद्रीनाथ आणि तिची कावेरीही झोपली. मला भिऊन काही पळालं की नाही, ते मला माहीत नाही. एवढं खरं, की मी उशाखाली असलो की त्या आया निवांत झोपत.

मग सुपारीच्या पुड्या आल्या. पुडी फाडली की झालं. मी फळीवरच्या डब्यात गेलो, आणि माझ्या खिळ्याला गंज चढू लागला.

कावेरीचं सासर हैदराबादला. तिचे यजमान तिथं कंपनीत आहेत. बाळंतपणासाठी ती करमाडला आली, तेव्हा एके दिवशी आईला पान करून द्यावं म्हणून तिनं मला डब्यातून काढलं आणि एक सुपारी कातरली. शेजारच्या चतुराबाईनं भिंतीवरून डोकावून पाहिलं.

"अगं बया! गरवार बाई तू, अन् आज गिरान हाय ना? कातरतीस काय?"

कावेरी हसली. "काकू, ग्रहण असलं म्हणून काय? सुपारी आहे ती. चंद्र नाही कातरला."

दीड महिन्यानं बाळ झालं. गोरं, टपोऱ्या डोळ्यांचं. पण त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता.

डॉक्टरांनी साफ सांगितलं, असं पुष्कळ बाळांना होतं, कुणाच्या कातरण्यानं ओठ फाटत नसतो, टाके घातले की नीट होईल. पण चतुराबाईनं गल्लीत सांगायचं ते सांगितलंच. मग बायका बाळाला बघायला यायच्या, आणि बाळाकडं बघून झालं की कावेरीकडं बघायच्या. एक दिवस कावेरीनं मला उचललं आणि माळ्यावर भिरकावलं. "हा मला पुन्हा दिसता कामा नये."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी मला लागलं. सुपारी सोडून मी कधी काही कातरलं नव्हतं.

बाळाच्या शस्त्रक्रियेची तारीख हैदराबादच्या दवाखान्यात मिळाली. पण निघायच्या आधी बाळाला सर्दी झाली आणि तारीख गेली. सर्दी असली की तान्ह्या बाळाला गुंगीचं औषध देता येत नाही. दुसरी तारीख मिळाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आदल्या दिवशी संध्याकाळी दाखवायला आणा. ही तारीख हुकली तर पुढची लवकर मिळणार नाही." रात्रभर रेल्वेच्या गर्दीत, खोकणाऱ्या माणसांत बाळाला न्यायला नको, म्हणून विमानानं जायचं ठरलं. कावेरी, बाळ आणि आजी वच्छलाबाई. घरातलं कुणीही त्याआधी विमानात बसलेलं नव्हतं.

माळ्यावरून मला खालचं सगळं ऐकू यायचं. त्या आठवड्यात घरात दुसरं बोलणंच नव्हतं. जन्माचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी, औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेली दोन जाड टोपडी, कपड्यांचे जोड. बद्रीनाथ जीप चालवतो. तो बहिणीला चिडवायचा.

"तासाभराचं विमान, अन् सामान बघा! वरात निघालीय माझ्या पैलवानाची."

"दादा, तू गप. विमान चढताना अन् उतरताना कानात दडे बसतात. बाळानं तेव्हा सारखं गिळत राहिलं पाहिजे. दुसरी लेकरं दूध ओढतात. ह्याला ओढता येत नाही. वाटी-चमच्यानं थेंब थेंब पाजावं लागतं. म्हणून दुधाचे दोन भाग केलेत, एक चढतानाचा, एक उतरतानाचा."

वच्छलाबाई जवळच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अन् उशाला लोखंड?"

"माय! पुन्हा त्याचं नाव काढू नको. विमानात असलं काही चालत नाही. अन् लोक हसतील आपल्याला."

वच्छलाबाई उठून आत गेल्या. त्यांचं असं उठून जाणं मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कावेरी बाळाला अंघोळ घालत होती, तेवढ्यात वच्छलाबाई शिडी लावून माळ्यावर आल्या. त्यांनी मला शोधून काढलं, पदरानं पुसलं, तेलाचं बोट लावलं. "तुझ्यावर आळ हाय न्हवं?" त्या पुटपुटल्या. "मग तूच राख आता. लेकराला सुरी लागणार हाय."

बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी असायची. डोकं गोल राहावं म्हणून आपल्याकडं करतात तशी. वच्छलाबाईंनी तिची शिवण उसवली, मला चिंधीत गुंडाळून तळाशी घातलं आणि बारीक टाके घातले. मोहरीच्या काळोखात मी पडून राहिलो. मी बाळाजवळ परत आलो होतो, याचा मला आनंद झाला. पण विमानात मला जागा नाही, हेही मी ऐकलेलं होतं, आणि मला तोंड नव्हतं.

चिकलठाण्याच्या विमानतळावर ती माणसं वेळेच्या पुष्कळ आधी पोचली. बद्रीनाथनं बाहेरच निरोप दिला. "इमान उडेस्तोवर मी हितंच हाय," तो म्हणाला. मोठी बॅग सामानात गेली. मग बाळानं दूध ओकलं, कपडे बदलावे लागले, तपासणीच्या रांगेत उभं राहीपर्यंत हाताशी थोडाच वेळ उरला. थंड हवा सुटलेली होती. कावेरीनं बाळाच्या डोक्यावर टोपड्यावर टोपडं चढवलं. पिशवी, दुधाची बाटली आणि उशी एका ट्रेमध्ये ठेवली, आणि तो ट्रे सरकत यंत्रात गेला.

ट्रे थांबला. मागं गेला. पुन्हा पुढं आला.

"ये तकिया किसका है?" खाकी वर्दीतल्या बाईंनी विचारलं.

"माझी. म्हणजे, बाळाची आहे."

"इसमें कैंची है क्या?"

"नाही हो मॅडम. सरसों है. फक्त मोहरी."

"सरसों के अंदर लोहा है. दो पत्तियाँ दिख रही हैं." त्यांनी उशी पुन्हा आत पाठवली. पडद्यावर मी पुन्हा दिसलो. बाळ भुकेनं रडू लागलं. तिकडून विमान कंपनीची एक मुलगी धावत आली. "हैदराबाद! हैदराबादचे कोणी राहिलेत का?"

"आम्ही आहोत!" कावेरी ओरडली. "मॅडम, प्लीज. उद्या ह्याचं ऑपरेशन आहे. उशीत काही नाही."

"तो फिर काटनी पड़ेगी." बाईंनी ब्लेड मागवलं.

"थांबा," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी उसवते."

त्यांनी दातानं टाका तोडला. शिवण सुटली आणि मोहरी सर्रकन टेबलावर, फरशीवर पसरली. रांगेतलं कुणीतरी हसलं. चिंधीतून मी बाहेर आलो.

कावेरीनं मला पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "माय... हा? ह्यालाच आणलंस? म्हणजे तू पण तेच मानतेस, चतुराकाकूसारखं?"

"मानत नाय गं."

"मग?"

"भ्या वाटतं. भ्या काय मानण्याला इचारून येतं व्हय?"

बाळ रडून रडून लाल झालं होतं. बाईंनी मला हातात घेतलं, धार बघितली आणि मान हलवली. "अम्मा, ये नहीं जाएगा. बाहर किसी को देना है तो आप वापस जाओ. मगर फिर फ्लाइट नहीं मिलेगी."

वच्छलाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग बाळाकडं. मित्रांनो, त्या घडीला मला स्वतःचं वजन कळलं. एका हाताला मी होतो, चार पिढ्यांची समजूत. दुसऱ्या हाताला ते लेकरू. कावेरी एकटी गेली असती, तर एका हातानं बाळ सरळ धरायचं आणि दुसऱ्या हातानं चमचा, हे तिला विमानात जमणार नव्हतं.

"बाई," वच्छलाबाईंनी वर्दीतल्या बाईंना विचारलं, "तुमाला लेकरू हाय?"

"है अम्मा. बेटी है. गाँव में, मेरी माँ के पास." मला मिटून त्यांनी वच्छलाबाईंपुढं धरलं. "वो भी उसके सिरहाने चाकू रखती है."

"मग तुमाला कळतंय."

"कळतंय," त्या आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. "लेकिन जहाज़ में नहीं."

वच्छलाबाईंनी मला हातात घेऊन टेबलावर ठेवलं. हात मागं घेतला. "भाईर माझा पोरगा उभा हाय, बद्रीनाथ. जमलं तर त्याला द्या, न्हाय तर द्या फेकून. लेकराला उशीर नको." आणि रिकामी, लोंबती उशी काखेत मारून त्या कावेरीच्या मागं चालू लागल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांना एवढं भरभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दार बंद होता होता त्या आत पोचल्या.

विमान कंपनीच्या त्याच मुलीनं मला बाहेर नेऊन बद्रीनाथच्या हातात दिलं. "तुमच्या आईंनी पाठवलंय." त्याला काहीच उमजेना. तो मला हातात धरून विमान दिसेनासं होईपर्यंत आभाळाकडं बघत राहिला.

त्यानंतरचा वेळ सरता सरेना. जीप जालना रोडच्या कडेला उभी होती, मी पुढच्या काचेशी होतो. बद्रीनाथ फोन बघायचा, खिशात ठेवायचा, पुन्हा काढायचा. शेवटी फोन वाजला.

"पोचलो, दादा." कावेरीचा आवाज थकलेला होता. "चढताना घाईत सांडलवंड झाली अन् बरंच दूध संपलं. उतरताना कान धरून केवढा रडला! उरलेलं मायनं एकेक थेंब करून पाजलं. मी धरलं, तिनं पाजलं. गिळायला लागला तसा निवळला."

"सर्दी?"

"एकदा शिंकला. माझा जीवच गेला. पण मायच्या पदरात मोहरीचा भुसा होता, त्यानं असेल. डॉक्टरांनी आत्ता छाती तपासली. साफ आहे. उद्या घेणार आहेत."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ जीप घेऊन कुठंच गेला नाही. तो ओट्यावर मला उघडत-मिटत बसला. चतुराबाई दोनदा आली. "फोन आला का रं?" तिनं विचारलं, आणि दुसऱ्या खेपेला ती तिथंच बसून राहिली.

दुपारी वच्छलाबाईंचा फोन आला.

"बद्री, शिवला रं ओठ. लई बारीक टाके. मला शिवता आले नसते इतके बारीक. आता झोपलंय."

नाक ओढून बद्रीनाथनं विचारलं, "माय, अडकित्ता हितं हाय माझ्यापाशी. मग उशाला काय ठिवलंस?"

"उशाला काय? मी बसलीय की."

मित्रांनो, ते ऐकून मला दुःख झालं नाही. इतकी वर्षं मी ज्या कामाचा मान मिरवला, ते काम खरं कुणाचं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही कधी तान्हं बाळ घेऊन विमानानं निघालात, तर दाखला घ्या, दूध घ्या, चढता-उतरताना त्याला गिळतं ठेवा. पण निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ थोडं बसा आणि त्यांना कशाची भीती वाटते ते विचारा. त्यांना हसू नका. कावेरीनं सगळं विचारलं होतं, तेवढं एक राहिलं होतं. आणि तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी फळीवर गंजत असेल, तर त्याला तेलाचा हात लावा, त्याच्याकडून सुपारी कातरून घ्या. त्याच्यावर आळ घेऊ नका, आणि त्याच्यावर राखणही सोपवू नका. बाळाच्या उशाशी माणसानं बसावं.