माणसांच्या वाट्याचे वजन

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. तुम्ही लिफ्टमध्ये शिरता, बटण दाबता, आरशात भांग नीट करता आणि आपल्या मजल्यावर उतरून जाता. तुमचा डबा वर जातो तेव्हा भिंतीपलीकडच्या अंधारात मी खाली येतो. तो खाली येतो तेव्हा मी वर जातो. लिफ्टच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला लटकणारा, ओतीव लोखंडाचा काळा बोजा म्हणजे मी. लिफ्टवाले मला काउंटरवेट म्हणतात. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका व्यापारी इमारतीत मी तेहतीस वर्षे लटकतो आहे. यंदा खंडेनवमीला जे घडले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत झाला. लाल रसरशीत लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि निवल्यावर साचा फोडला, की आमच्यातली एकेक पाटी बाहेर पडे. शेजारी पंपांचे आणि इंजिनांचे भाग निघत. त्यांना घासत, तासत, वर रंग लावत. साचे भरणाऱ्या ज्ञानू मोल्डरने माझ्यावर हातोडी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "ह्याला घासू नगा, रंगवू नगा. ह्याला कोन बगनार हाय?" मला त्याचा भयंकर राग आला होता. पण बोलला ते खरेच होते.

चाळीस किलोची एक, अशा बावीस पाट्या एका चौकटीत रचल्या आणि मी झालो. वजन आठशे ऐंशी किलो. रिकामा डबा सहाशे ऐंशीचा. तुम्ही विचाराल, मग मी दोनशे किलोने जड का? दुकानातला तराजू आठवा. एका पारड्यात डबा आणि दुसऱ्यात मी. डब्यात कधी कुणी नसते, कधी सहा माणसे असतात, म्हणून त्यांच्या निम्म्या वजनाचा भार मी आधीच अंगावर घेऊन ठेवतो. मोटरला मग थोडेच ओढावे लागते आणि ब्रेकला थोडेच धरावे लागते. ते दोनशे किलो माणसांच्या वाट्याचे होते. ते मी जिवापाड सांभाळले.

कापडाचे गठ्ठे, वकिलांच्या फायली, संगणकांची खोकी, लग्नाच्या खरेदीला आलेली अख्खी घरे, सगळे माझ्या जोरावर वर गेले. शाबासकी मात्र डब्याला मिळायची. "लिफ्ट झकास हाय," म्हणत लोक त्याच्या दारावर थाप मारत. मला ओळखणारा माणूस एकच, यल्लाप्पा मिस्त्री. तो निपाणीकडचा, आणि लिफ्ट बसवली तेव्हापासून तिची देखभाल त्याच्याकडे. डबा आणि मी फक्त दुसऱ्या मजल्यापाशी समोरासमोर येतो. दर खंडेनवमीला यल्लाप्पा डब्याच्या टपावर उभा राहून लिफ्ट बरोबर तिथे थांबवायचा. मला हळदकुंकू लावायचा, झेंडूची माळ घालायचा आणि विचारायचा, "काय थोरले, बरं हाय न्हवं?" पूजा आटोपली की पाना काढून माझा एकेक बोल्ट तपासायचा. वर्षातून एकदा मला थोरले म्हणून हाक मारणारे कुणीतरी होते, एवढ्यावर मी खूश होतो.

यंदा पावसाळ्यात लिफ्टच्या नूतनीकरणाची बैठक बसली. ती चौथ्या मजल्यावर, डॉक्टर संयोगिता यांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात होती. डबा तळमजल्यावर होता, म्हणजे मी चौथ्याच्या भिंतीला लागून. सगळे ऐकू येत होते.

गाळेधारकांचे अध्यक्ष राजवर्धन. तळमजल्यावर त्यांचे फरशी आणि ग्रॅनाइटचे दुकान आहे. माणूस दिलदार. म्हणाले, "डब्याला ग्रॅनाइट माझ्याकडनं. फरशीला बी आणि कमरेपर्यंत भिंतींना बी. वर आरसे, स्टीलचं छत. आलेला माणूस बघतच राहिला पायजे."

यल्लाप्पाने वहीच्या पानावर यादी आणली होती. तो ती वाचायला लागला. "आदी ब्रेक. त्येची पट्टी झिजलीया. मग दोर. मग थोरल्याला पाच पाट्या जादा, दगड घालनार असशीला तर. डबा सगळ्यात शेवटाला."

"मामा," राजवर्धन हसून म्हणाले, "लोकं काय ब्रेक बघायला येत्यात व्हय?"

सगळे हसले. यल्लाप्पा हसला नाही.

डॉक्टर संयोगितांनी कामाला किती दिवस लागतील ते विचारले. नुसता डबा करायचा तर पाच दिवस. ब्रेक, दोर आणि मी धरून तीन आठवडे. त्या काळजीत पडल्या. त्यांच्याकडे गुडघ्यांचे आणि कमरेचे रुग्ण येतात. मुरगूडच्या चिमणाबाई तर दोन पायऱ्या चढल्या की भिंतीला धरून उभ्या राहतात. "तीन आठवडे माझे पेशंट कसे येणार, मामा? आत्ता डबा करू. बाकीचं दिवाळीनंतर, दुसऱ्या टप्प्यात. यादी माझ्याकडं ठेवते." त्यांनी ते पान टेबलाच्या खणात ठेवले. तो खण बंद झाल्याचा आवाज मला अजून आठवतो.

मित्रांनो, त्या खोलीत वाईट माणूस एकही नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

पाच दिवसांत डबा नटला. सहाव्या दिवशी तो पहिल्यांदा हलला आणि मला कळले. रिकामा डबा आता माझ्या बरोबरीत आला होता. दोनशे किलो दगड, आरसे आणि स्टील. माणसांच्या वाट्याचे जे मी राखून ठेवले होते ते सगळे दगडाने खाल्ले. आता आत येणाऱ्या प्रत्येक माणसाचा पुरता भार त्या झिजलेल्या ब्रेकवर पडणार होता.

पहिल्या आठवड्यात चार माणसे चढली की डबा उंबऱ्यापेक्षा बोटभर खाली बसायचा. लोक अडखळत आणि हसत. दुसऱ्या आठवड्यात तो दोन बोटे बसू लागला. नव्या फरशीखाली जादा वजनाचा भोंगा होता. पाचवा माणूस आत आला की तो ओरडायचा. त्याने सगळे वैतागले. डबा सजवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस आला आणि त्याने भोंग्याची तार काढून ठेवली. यल्लाप्पाने दाराशी पुठ्ठा लावला, 'चारच माणसं'. एकदा तर त्याने मेन स्विचच बंद केला. तेव्हा डॉक्टरांचे तीन रुग्ण खाली तिष्ठत राहिले आणि चारही मजल्यांवरून त्याच्यावर आरडाओरडा झाला. त्याने स्विच पुन्हा चालू केला. त्या दिवशी मशीनच्या खोलीत तो बराच वेळ ब्रेकसमोर बसून होता.

नव्या लिफ्टचे उद्घाटन खंडेनवमीला ठरले, सकाळी अकरा वाजता. सगळ्यात जुना कारागीर म्हणून यल्लाप्पाचा सत्कार करायचेही ठरले.

त्या सकाळी तो लवकर आला. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे त्याला लिफ्ट दुसऱ्या मजल्यापाशी थांबवून माझ्याकडे यायचे होते. "आज न्हाय मामा," राजवर्धन म्हणाले, "आज पावणं यायला लागल्यात." दारावर झेंडूची तोरणे चढली. तोरण नीट बसावे म्हणून कुणीतरी तो पुठ्ठा काढून कोपऱ्यात ठेवला. यल्लाप्पाला खुर्चीत बसवले आणि त्याच्या डोक्याला फेटा बांधायला सुरुवात केली. तो फेटा बांधून घेत बोलतच होता. खाली एवढी गर्दी असूनही त्याचे शब्द दोरांतून वर माझ्यापर्यंत येत होते.

"सायेब, फेटा नगो. अर्धा दिवस द्या मला. आज लिफ्ट बंद ठेवा."

"मान हलवू नका मामा, फेटा सुटंल," कुणीतरी म्हणाले.

मग नारळ फुटला. डबा तळमजल्यावर उघडा उभा होता आणि मी पार वर होतो. राजवर्धन दारात उभे राहून हाताने बोलावू लागले. "या की पावणं! आत या! बसतंय की अजून!" आलेल्याला बाहेर ठेवायचे ही कोल्हापूरची रीत नव्हे. जो मागे सरे त्याला हाताला धरून आत घेतले जाई. चार झाले. सहा झाले. आठ झाले. प्रत्येक माणसागणिक दोर ताणत गेले. मी धरून होतो, पण माझ्याकडे द्यायला काही उरले नव्हते. वर ब्रेक कण्हू लागला. ढोलताशात तो कुणाला ऐकू जाणार?

"चिमणाबाई ऱ्हायल्या की! पहिला मान त्यांचा!" कुणीतरी म्हणाले. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. लोकांनी हात देऊन त्यांना उठवले आणि दारापाशी आणले.

यल्लाप्पाचे लक्ष उंबऱ्याकडे होते. डबा चार बोटे खाली गेला होता आणि हळूहळू आणखी जात होता. तो खुर्चीवरून उठून धावला. "बाहीर या! सगळी बाहीर या!" लोकांना वाटले म्हाताऱ्याला आनंद झाला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. चिमणाबाईंचा एक पाय आत पडला होता. यल्लाप्पाने डब्यात एक पाय रोवला, त्यांना दोन्ही हातांनी धरले आणि जोर लावून मागे लोटले. त्या बाहेर फरशीवर पडल्या. त्याच क्षणी ब्रेक सुटला.

मित्रांनो, मी वर फेकला गेलो. तेहतीस वर्षे मी भार तोलला आणि त्या दिवशी मीच हलका पडलो. मी छताला धडकलो आणि डबा खाली खड्ड्यातल्या स्प्रिंगांवर आदळला. आतल्या लोकांना मुका मार लागला, एकाचे मनगट मोडले. यल्लाप्पाचा पाय उंबऱ्याच्या फटीत सापडला. त्यापुढचे मी सांगणार नाही. त्याचे उजवे पाऊल इस्पितळातल्या डॉक्टरांना वाचवता आले नाही.

लिफ्टला सील लागले. त्याआधी खाली दार तोडून माणसे काढताना लोकांनी बॅटरी मारून वर पाहिले आणि त्यांना मी पहिल्यांदा दिसलो. "हे काय हाय?" एकाने विचारले. मला उत्तर देता येईना.

बाराव्या दिवशी सरकारी तपासनीस चौकशीला आले. बैठक पुन्हा चौथ्या मजल्यावरच बसली. मी वरच अडकलेला होतो, त्यामुळे एक शब्दही सुटला नाही. देखभाल कुणाकडे होती? यल्लाप्पाकडे. ब्रेक कुणी पाहायचा? यल्लाप्पाने. राजवर्धन खाली मान घालून म्हणाले, "मामांचं वय झालंतं, साहेब. लक्षात आलं नसंल." डॉक्टर संयोगितांचा तो खण बंदच राहिला. तपासनीस लिहीत होते. इस्पितळातल्या खाटेवर पडलेल्या माणसाच्या नावावर सगळा दोष चढत होता आणि मी काही करू शकत नव्हतो. लोखंडाला तोंड असते तर मी त्या दिवशी बोंब मारली असती.

तेवढ्यात जिन्यात पावले वाजली. दोन पायऱ्या, मग थांबणे. पुन्हा दोन पायऱ्या. आमचा जिना माझ्या भोवतीनेच फिरतो, म्हणून मला प्रत्येक पायरी ऐकू येत होती. दुसऱ्या मजल्यावर ती पावले इतका वेळ थांबली की मला वाटले, परत गेली. मग कठडा धरून श्वास घेतल्याचा आवाज आला आणि पुन्हा दोन पायऱ्या वाजल्या. चौथ्या मजल्यावर पोचायला त्यांना अर्धा तास लागला असेल.

"चिमणाबाई! तुम्ही चढून आलात?" डॉक्टर ओरडल्याच.

"यष्टीनं आले मुरगूडासनं आनि चढून आले. काय करू, लिफ्ट मोडलीया की," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सायेब, लिवून घ्या. त्या दिशी मी पायरीवर बसलेली. ह्यो मिस्त्री समद्यास्नी सांगत हुता, लिफ्ट बंद ठेवा, बंद ठेवा. माझ्या ह्या कानांनी ऐकलंय. त्यो सांगत हुता आनि ही मानसं त्येच्या डोस्क्याला फेटा बांधत हुती."



"मला बी ऐकू येत हुतं," त्या पुढे म्हणाल्या. "मी बी उठलेच की मानाला. माझ्यापायी त्येचा पाय गेला. निदान त्येचं नाव तरी जाऊ नगा देऊ."

मग खण उघडल्याचा आवाज आला. डॉक्टर संयोगितांनी ते वहीचे पान तपासनिसांपुढे ठेवले. "ही त्यांची यादी. ब्रेक पहिल्या नंबरवर आहे. मागं ठेवायला मी सांगितलं होतं." पाठोपाठ राजवर्धनांचा आवाज आला. "आणि हसलो मी होतो, साहेब. तेबी लिवा."

तपासनिसांनी आधीचे पान फाडले आणि पहिल्यापासून लिहायला घेतले.

मित्रांनो, माझे पुढे काय होईल मला ठाऊक नाही. दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये मी असेन, किंवा पुन्हा भट्टीत जाईन. माझी चिंता करू नका. पण या गावात माझ्यासारखे शेकडो बोजे भिंतीआड लटकत आहेत, आणि कुठल्या ना कुठल्या डब्यात आजही नवी फरशी बसत असेल. तिथल्या बैठकीत तुमचे आईबाबा असतील, उद्या तुम्ही असाल. तेव्हा विचारा, दुसऱ्या टोकाला काय लटकते आहे आणि ते शेवटचे कुणी पाहिले. आणि एखादा माणूस 'थांबा' म्हणत असेल, तर आधी त्याचे ऐका. सत्कार नंतरही करता येतो.